जामीनदार आणि दोन पाती

बँकेत काम करणाऱ्या माणसाने आयुष्यात दोन गोष्टी करू नयेत. एक, आपण बँकेत आहोत हे नातेवाइकांना सांगू नये. आणि दुसरी, सांगितलंच तर निदान कुणाला जामीन राहू नये. पहिली मी लग्नाआधीच केली. तिच्याशिवाय लग्नच ठरत नव्हतं. दुसरी गेल्या वर्षी केली.

मी मूळचा गिरगावचा आणि राहायला गिरीजला. आमच्या चाळीतल्या जुन्या मंडळींना अजूनही वाटतं, की पत्त्यात काहीतरी छपाईची चूक झाली असावी. पण गिरीज नावाचं गाव वसईत आहे, तिथे सासुरवाडी आहे, आणि सासुरवाडीची वाडी आहे. सासऱ्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. नानांना मुली दोन. धाकटी माझ्या पदरात पडली (की मी तिच्या, हा हिशेब अजून जुळलेला नाही). थोरलीचा नवरा, म्हणजे माझे साडू, नानांची वाडी सांभाळतात. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते कुठलेच साहेब नाहीत. पण बोलताना माणूस समोरच्याला आपोआप कारकून करून टाकतो, म्हणून ते नाव पडलं. मी तर जन्माचाच कारकून. त्यामुळे आमचं छान जमतं.

नानांच्या वाडीत एके काळी केळी होती, पानवेली होत्या, मोगरा होता. कोपऱ्यात बावखल होतं, ते अजून आहे. पहाटेच्या लोकलने फुलांच्या पाट्या दादरला जायच्या. पुढे मजूर मिळेनासे झाले, विहिरीचं पाणी मचूळ झालं, नानांचे गुडघे वाजू लागले. भाऊसाहेबांनी मागच्या अर्ध्या एकरातली केळी काढली, माती सपाट केली, गवत लावलं आणि बाहेर पाटी लावली. पाटीवर नुसतं 'लॉन' असं लिहिलंय. हल्ली तेवढ्यावर भागतं. आमच्या लहानपणी लॉन म्हटलं की बँकेतलं 'लोन' चुकीचं लिहिलंय असं वाटायचं. आता लोन काढल्याशिवाय लॉन होत नाही आणि लॉनशिवाय लग्न होत नाही.

केळी निघाली त्या दिवसापासून नाना त्या अर्ध्या एकरात गेले नाहीत. भांडले नाहीत, रुसले नाहीत. नुसते गेले नाहीत. ओटीवर बसून कोयत्याला धार लावत राहिले. कापायला केळी उरली नव्हती. पण धार लावायला केळी लागत नाही, कोयता लागतो.

त्यात आणखी एक गंमत होती. भाऊसाहेबांनी जे गवत चौरस फुटाच्या भावाने गालिच्यासारखं विकत आणून अंथरलं, ती चक्क हरळी होती. शेतकऱ्याचा जन्माचा वैरी! तिची मुळं उपटून काढताना नानांची अर्धी खुरपी झिजली. तीच गणपतीला वाहिली की दूर्वा. अमेरिकेत तीच बर्म्युडा गवत म्हणून बंगल्यापुढे मिरवते. शास्त्रज्ञांच्या वहीत ती सायनोडॉन डॅक्टिलॉन. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलंय. वैऱ्याला नावं पुष्कळ असतात."

तर हे गवत कापायला भाऊसाहेबांनी बसायचं मशीन घेतलं. म्हणजे आपण वर बसायचं, स्टिअरिंग धरायचं, आणि पोटाखाली दोन पाती फिरत गवत कापत जाणार. कुठल्यातरी क्लबाच्या हिरवळीवरून रिटायर झालेलं, जुनं. किंमत दीड लाख. एका पतपेढीने कर्ज दिलं, आणि पतपेढीला जामीनदार हवा होता. भाऊसाहेब म्हणाले, "तुम्ही बँकेतले. तुमच्या सहीला वजन आहे." या वाक्यावर आजवर किती कारकून बुडाले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मी मशीन न बघता सही केली. वीस वर्षं मी इतरांना अशी सही करू नका असं सांगत आलो आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ : जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. हे कलम मी बी. कॉम.ला पाठ केलं होतं, पेपरात आलं होतं, मार्कही मिळाले होते. उपयोग काय?

मशीन आलं, पावसाळाभर शेडमध्ये उभं राहिलं. ओल्या गवतात चालवलं की तसंच आणून लावायचं. खंडेनवमीला त्याची पूजा झाली. बॉनेटला झेंडूचा हार, स्टिअरिंगला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. वर सगळं यथासांग. खाली वाकून कुणी बघितलं नाही. याबाबतीत मला कुणाला बोलायचा अधिकार नाही, कारण आमच्याकडे इन्स्पेक्शन येतं तेव्हाही साधारण असंच होतं. टेबलांवर नवी कव्हरं, साहेबांना शहाळं, आणि खालच्या कप्प्यात काय आहे ते कप्प्याला ठाऊक.

डिसेंबरात भाचीचं लग्न ठरलं. रिसेप्शन अर्थातच घरच्या लॉनवर, हळदसुद्धा तिथेच. मुलाकडच्यांनी एक इव्हेंटवाली बाई नेमली होती. ती लॉन बघायला आली. हळदीला सगळी मंडळी अनवाणी हिरवळीवर नाचणार, अशी तिची योजना. तिने गवताकडे बघितलं आणि विचारलं, "याला काही आजार आहे का?"

आजार होताच. गवत कापलेलं दिसत नव्हतं, कुरतडलेलं दिसत होतं. प्रत्येक पात्याचा शेंडा चिंध्या झालेला, वर पांढरट. एका बाजूला बुटकं, दुसऱ्या बाजूला उंच, मधे न कापलेल्या गवताचे पट्टे. न्हाव्याला मधेच फोन आल्यावर डोकं जसं दिसतं तसं. आणि मशीन चालताना असं थरथरायचं, की भाऊसाहेबांचा चष्मा नाकावरून ओठावर यायचा. एकदा ते मशीनवर बसूनच फोनवर बोलले, तर पलीकडच्या माणसाने "थंडी वाजतेय का?" म्हणून विचारलं.

बाई गेल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "हप्ते दोन थकलेत. हे लग्न नीट दिसलं तर पुढची बुकिंगं येतील. नाही तर..."

नाही तर काय, हे कलम १२८ ला विचारायचं. मी रविवारी जुनी पँट घालून हजर झालो.

आता जरा विषयांतर करतो, कारण रविवारपर्यंत मी थोडा अभ्यास केला होता आणि केलेला अभ्यास वाया घालवणं कॉमर्सवाल्याला जमत नाही. गवत कापायचं यंत्र १८३० साली एडविन बडिंग नावाच्या माणसाने काढलं, इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळ. तिथे लोकरी कापडाच्या गिरण्या. कापडावर आलेली लव साफ करायचं एक पात्यांचं यंत्र त्याने बघितलं आणि त्याच्या मनात आलं, जे कापडाचं तेच हिरवळीचं. लोक वेडा म्हणतील म्हणून तो रात्री अंधारात यंत्र चालवून बघायचा, असं सांगतात. त्याआधी हे काम विळ्याने माणसं करत. बडिंगने पेटंटमध्ये असंही म्हटलं होतं, की सद्गृहस्थांनी हे यंत्र स्वतः ढकलावं, करमणूक होते आणि व्यायामही. पुढे मोठी यंत्रं घोडे ओढू लागले, तर घोड्यांच्या खुरांनी हिरवळ दबू नये म्हणून त्यांना चामड्याचे बूट! १९०२ साली इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारं यंत्र विकायला काढलं आणि घोड्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. घोड्याच्या जागी साडू बसला, एवढाच पुढचा इतिहास. या बडिंगच्याच नावावर सरकत्या जबड्याचा पानाही सांगतात. म्हणजे यंत्र बिघडणार हे त्याला ठाऊक होतं.

रविवारी आम्ही मशीन शेडबाहेर काढलं. भाऊसाहेबांनी मोटारीचा जॅक लावून पुढचा भाग उचलला आणि खाली चार विटा सरकवल्या. मशीनचं वजन दोनशे किलोच्या आसपास असावं. मी गोणपाट अंथरून उताणा झालो आणि डोकं आत घातलं. अंधार. कुजक्या गवताचा वास. पाती ज्या लोखंडी झाकणाखाली फिरतात त्याला डेक म्हणतात. दिसायला उपडी ठेवलेली मोठी परात. पण परात दिसतच नव्हती. तिच्यावर वाळलेल्या गवताचा तीन बोटं जाड थर, पिठल्याच्या करपलेल्या खरपुडीसारखा.

"काही दिसतंय का?" भाऊसाहेबांनी वरून विचारलं.

"अंधारच दिसतोय."

"थांबा, मी चालू करतो. तुम्ही नीट कान देऊन ऐका, आवाज कुठून येतो ते."

आणि ते सीटवर बसले. सीटवर बसल्याचा चामडी आवाज मी खालून ऐकला. किल्लीचा जुडगा वाजला तोही ऐकला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. नाकापासून वीतभर अंतरावर पातं होतं.

"उतरा!"

हा आवाज ओटीवरून आला होता. नानांना मोठ्याने बोलताना मी तोवर ऐकलंच नव्हतं. भाऊसाहेब उतरले. उतरले म्हणजे सांडले. नाना काठी टेकत आले, माझ्या पायाला धरून मला बाहेर ओढलं, आणि काही न बोलता आपला डावा हात माझ्यापुढे धरला. त्यांची करंगळी अर्धी आहे हे मला ठाऊक होतं. कशाने, ते कधी विचारलं नव्हतं.

"पंपाचा पट्टा," नाना म्हणाले. "बंद होता. बंदच होता असं सगळे म्हणत होते."

मग त्यांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. इंजिनच्या प्लगची टोपी उपटून बाजूला वळवून ठेवली. विटा काढायला लावून तिथे फणसाचे दोन ओंडके बसवले, आणि जॅकच्या भरवशावर मशीनखाली जाणाऱ्याला वसईच्या बोलीत एक विशेषण लावलं. ते इथे छापता येणार नाही. पण सर्व जावयांना उद्देशून होतं.

नंतर घरी मी हिशेब केला. अमेरिकन मानकाप्रमाणे अशा पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाता कामा नये. म्हणजे मर्यादेत राहूनसुद्धा ताशी ३४७ किलोमीटर! आमची विरार फास्ट जिवाच्या आकांताने धावली तरी याच्या तिसऱ्या हिश्श्याशी दमते. तो आकडा बघितल्यावर मी बायकोकडे चहा मागितला. "साखर जास्त घाल," म्हटलं.

तर खरवडणं सुरू झालं. लाकडी फळकुट आणि जुन्या उलथन्याने आम्ही थर काढला. त्यात दोन गोमा निघाल्या, एक बेडूक निघाला (तो बराच काळ राहत असावा, जाताना त्याने वळून बघितलं), मंडपाचा एक खिळा निघाला. ओलं गवत पत्र्याला चिकटून बसलं की खालचा पत्रा गंजतो, आणि भुईगावकडून येणारा खारा वारा त्याला मदत करतो. एका जागी बोटाने दाबलं तर पत्रा पापडासारखा बोलला. शिवाय परातीत जागाच उरली नाही तर वारा फिरणार कसा? पाती नुसती कापत नाहीत. पात्याच्या मागच्या कडेला वर वळलेला एक कान असतो. तो फिरताना हवा वर खेचतो, पडलेलं गवत उभं राहतं, मग धार लागते. आमच्या रेताड मातीने ते कान झिजून कागदाएवढे झाले होते.

आणि पात्यांच्या दांड्यांना गुंडाळलेला नायलॉनचा दोरा! लग्नातल्या फुलांच्या माळा तुटतात, फुलं झाडून जातात, दोरा गवतात राहतो. तो दांड्याला वळत वळत आत शिरतो आणि बेअरिंगचं सील खातो. ब्लेडने कापून कापून काढला. सात लग्नांचा दोरा होता. नानांनी बोटाला गुंडाळून बघितला आणि म्हणाले, "आमच्या वेळी केळीच्या सोपटाने माळा बांधत. कुजून जायचं."

पाती सोडवताना बोल्ट आणि पातं एकत्रच फिरायला लागतं. तेव्हा पातं आणि परातीची भिंत यांच्यामधे लाकडाचा ठोकळा अडकवायचा आणि मग पान्यावर जोर द्यायचा. जोर भाऊसाहेबांनी दिला. पहिलं पातं निघालं, आणि गुपित कळलं. ते उलटं बसवलेलं होतं! कान जमिनीकडे, धार पाठीमागे. म्हणजे ते पातं पावसाळाभर गवताला नुसतं बदडत होतं. दुसरं पातं सुलट होतं, पण वाकलेलं. आणि टोकाला कुणीतरी वेल्डिंग करून तुकडा जोडला होता. विकणाऱ्याने "नुकतंच सर्व्हिसिंग केलंय" म्हणून सांगितलं होतं, ते खोटं नव्हतं.

भाऊसाहेब म्हणाले, "वाकलेलं ठोकून सरळ करून आणतो. शंभर रुपयांत होईल."

नानांनी वेल्डिंगचा सांधा नखाने खरवडला. "हा तुकडा सुटला तर कुठे जाईल?" त्यांनी विचारलं. आम्ही तिघांनीही एकदम घराकडे बघितलं. खिडकीत भाची उभी होती, मोबाइलवर मेंदीच्या नक्ष्या बघत. तो विषय तिथेच संपला. वाकलेलं पातं ठोकून सरळ केलं की आतून तडकतं, आणि तडकलेलं पातं मोडीतच टाकायचं असतं.

म्हणजे नवं पातं हवं. सोमवारी मी ते एकवीस इंची पातं वर्तमानपत्रात गुंडाळून, बगलेत मारून ऑफिसला निघालो. जेवणाच्या सुट्टीत नागदेवी स्ट्रीटला जाऊन जोडीचं शोधावं असा बेत. विरार लोकलच्या गर्दीत मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐसपैस उभं राहायला मिळालं. चर्चगेटला मात्र एका हवालदाराने बाजूला घेतलं.

"काय आहे हे?"

"पातं."

"कशाचं?"

"गवत कापायचं."

"गवत कुठाय?"

"गिरीजला."

"मग पातं चर्चगेटला काय करतंय?"

प्रश्न बिनतोड होता. मी जामीन, पतपेढी, बेडूक, सगळं सांगून बघितलं. त्याचा चेहरा आणखीच कडक होत गेला. शेवटी म्हणालो, "घरात मुलीचं लग्न आहे हो." तो म्हणाला, "मग तसं आधी सांगायचं." आणि सोडलं. नागदेवीवर तिसऱ्या दुकानात पातं मिळालं. लांबी, मधल्या भोकाचा आकार, जाडी आणि कानाची उंची, चारही गोष्टी जुळवून घ्याव्या लागतात. 'साधारण असंच' चालत नाही. दुकानदाराने पावती दिली, ती मी जपून ठेवली आहे. कोण पैसे देणार हे अजून ठरायचं आहे.

उलटं बसवलेलं पातं तेवढं शाबूत होतं. त्याला धार लावायचं काम अर्थात नानांकडे गेलं. मी माहितीपुस्तक वाचून दाखवत होतो : मूळचा उतार तीस अंशांच्या आसपास, तोच राखावा. नाना ऐकत नव्हते. त्यांनी कानस एकाच दिशेने, एकाच उतारात चालवली. मोजलं तर तीसच भरले असते. मी म्हटलं, "आणखी जरा वस्तऱ्यासारखी करा ना." ते म्हणाले, "दाढी करायचीय? वस्तऱ्याची धार पहिल्या खड्याला दुमडते. जेवायच्या सुरीएवढी पुरे."

मग त्यांनी ओटीच्या खांबाला एक खिळा आडवा ठोकला आणि पातं मधल्या भोकात अडकवून सोडलं. डावी बाजू हळूच खाली आली. जी खाली येते ती जड. तिच्या पाठीमागून थोडं घासायचं, पुन्हा अडकवायचं. एक बाजू चिमूटभर जड राहिली तरी त्या वेगाने फिरताना सगळं मशीन हादरतं आणि बेअरिंगं जातात. भाऊसाहेबांचा चष्मा घसरायचा तो त्यामुळेही. चार वेळा घासलं, पाचव्यांदा पातं आडवं, निश्चल राहिलं. बँकेत माझा ट्रायल बॅलन्स वीस वर्षांत एकदाही पहिल्या झटक्यात जुळलेला नाही. फरक दिसला की आम्ही तो सस्पेन्स खात्यात टाकतो आणि घरी जातो. खिळ्याला सस्पेन्स खातं नसतं.

पाती बसवली, कान वर करून. (हे मी तीनदा तपासलं. भाऊसाहेबांनी दोनदा. नानांनी एकदा.) मग डेक सपाट करणं. आधी चारही चाकांतली हवा बघायची, कारण उजव्या चाकात हवा कमी असली तर बिचाऱ्या डेकला काय दोष द्यायचा! मग सपाट फरशीवर मशीन उभं करून डावी-उजवी टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर, आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा तीन ते सहा मिलिमीटर खाली. मोजायला मी ऑफिसची स्टीलची पट्टी नेली होती. नंतर परत आणून ठेवली, हे नमूद करतो.

पहिला फेरा शनिवारी सकाळी दव सुकल्यावर मारला. एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही, म्हणून दोन शनिवार घेतले. चष्मा जागेवर राहिला. शेंडे स्वच्छ कापले गेले, पट्टे राहिले नाहीत, आणि लग्नाच्या आठवड्यात ती हरळी अशी काही दिसू लागली की शेजारचे अंकल कुंपणावरून म्हणाले, "हे खरं आहे?"

हळदीच्या दिवशी मी ऑफिसमधून अर्धी रजा टाकून पोचलो. लॉनवर आलो आणि थबकलो. अख्ख्या अर्ध्या एकरावर, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, हिरवा नायलॉनचा गालिचा अंथरलेला होता. इव्हेंटवाली बाई लगबगीने आली. "फोटोत खऱ्या गवताचा रंग सारखा येत नाही," ती म्हणाली. "हा छान युनिफॉर्म आहे ना?" भाऊसाहेब तिच्या मागे उभे होते, हातात हार घेऊन, तोंड उघडं.

मी काही बोलणार तोच बाजूला बघितलं. नाना आले होते. धुवट धोतर, हातात काठी. केळी निघाल्यापासून पहिल्यांदा ते त्या अर्ध्या एकरात उभे होते. माणसं त्यांना नमस्कार करत होती. त्यांचं लक्ष नव्हतं. ते कडेला गेले, गुडघा धरून हळूहळू खाली बसले, आणि गालिच्याचं एक टोक उचलून खाली बघत राहिले. दोन बोटांनी गवताचा शेंडा धरून डोळ्यांजवळ नेला.

"जावईबापू," त्यांनी मला हाक मारली.

मी शेजारी जाऊन बसलो.

"हे उद्या सकाळीच उचलायला लावा. खाली पिवळं पडतं."

मी ते टोक धरून ठेवलं. भाऊसाहेबही येऊन बसले. मागे डीजे सुरू झाला होता, आणि नाना आम्हा दोघांना सांगत होते, परवा पुन्हा प्लगची टोपी काढायची, आजचे सगळे दोरे बघायचे.